सातव्या दालनाची खिरापत

वहिनी भाकरी थापत होती आणि मी ओट्याला टेकून तिच्या पुढच्या कादंबरीतल्या ग्रहाला किती चंद्र झेपतील ते सांगत होते.

"दोन," मी म्हटलं. "तिसरा ठेवलास तर भरतीच्या पाण्यात तुझी गावंच्या गावं वाहून जातील."

यावर ती काहीतरी खोडसाळ बोलणार हे तिच्या भुवईवरूनच कळत होतं. तिनं तोंड उघडलं. "बरं का," ती म्हणाली. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. "बरं का," ती पुन्हा म्हणाली आणि स्वतःच दचकली. परातीतला तिचा उजवा हात पिठातच राहिला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली होती. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. गच्चीगच्चीवर औषधं उतरवणारी ड्रोनं दिवसभर घोंघावत असतात. वहिनी वाचली. हात हळूहळू परतला, चालणं परतलं. शब्द मात्र परतले नाहीत. समजायचं सगळं, बोलायला गेली की ओठांवर येऊन उभे राहायचे ते तेवढे दोनच. चहा हवा? बरं का. दुखतंय कुठं? बरं का. हातात पेन दिलं तर कागदावर नुसत्या रेघा. जिनं जन्मभर गोष्टी सांगितल्या, तिच्यापाशी गोष्टीच्या उंबरठ्यावरचे दोन शब्द उरले होते.

चारुशीला वाळवेकर ही माझी भावजय. लग्न होऊन आली तेव्हा थट्टेनं मला 'वन्सं' म्हणू लागली. आमच्या पिढीत असं कुणी म्हणत नसे. थट्टा जुनी झाली, हाक राहिली. दादा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि वहिनी घरी बसून ते बिघडवायची, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तिची पहिली कथा दिवाळी अंकात आली ती 'चा. वाळवेकर' या नावानं. वाचकांची पत्रं आली, सगळी 'प्रिय महोदय' अशी. त्या कथेत एक विहीर होती. हाक मारायच्या आधीच तिच्यातून प्रतिध्वनी यायचा, आणि गावातल्या एका बाईला स्वतःचीच एक हाक ऐकू येते, जी मारायचं तिनं अजून ठरवलेलंच नसतं. एका समीक्षकानं लिहिलं, यात विज्ञान कमी आणि भाकरी जास्त. वहिनीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "वन्सं, भुकेलेला दिसतोय. बोलवा एकदा जेवायला."

मग 'मिठाचा चंद्र' आलं, 'काचेच्या गाई' आलं. आणि मग तिचं सगळ्यात मोठं काम, तीन भागांची 'दुरडी'. दुरडी म्हणजे बांबूच्या कामट्यांची टोपली. पण वहिनीच्या गोष्टीत ती आकाशनौका होती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिच्यात राहतात. आत नांगरट होते, लग्नं लागतात, विहिणी रुसतात. नौकेला सात दालनं. सहांत वस्ती, सातवं कायमचं बंद. तिसऱ्या भागात झिपरी नावाची एक पोर त्या सातव्या दाराशी पोचते आणि कडीला हात घालते. वहिनी आजारी पडली ती नेमकी तिथं. शेवटचं प्रकरण राहून गेलं.

दाराआड काय आहे ते एकट्या तिला ठाऊक होतं. मलासुद्धा नाही, आणि त्याला कारण होतं आमचा हादगा.

हस्त नक्षत्र लागलं की आमच्याकडे पाटावर हत्ती काढतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. घरची बाई झाकलेला डबा कानाशी वाजवते. बाकीच्या विचारतात, "गोड की तिखट? ओलं की कोरडं?" खिरापत ओळखली गेली की त्या बाईचं तोंड एवढंसं होतं. नाही ओळखता आली, तर तिचा तोरा बघून घ्यावा! वहिनीनं हाच खेळ लिहिण्यात आणला होता. पुस्तकाचा शेवट मनात शिजला की ती रिकामा डबा माझ्या कानाशी हलवायची. "ओळखा, वन्सं." मी चुकले की टाळ्या पिटायची. बरोबर ओळखलं, तर मात्र दिवसभर घुम्यासारखी बसायची आणि तो शेवट मोडून नवा करायची. "नणंदेला कळला तो शेवट कसला? ती रोजची आमटी." दुसऱ्या भागाचा शेवट मी ओळखला होता. छापून आला तो निराळाच, आणि खरं सांगायचं तर कितीतरी सरस.

इतक्या वर्षांत मी ओळखलेला एकही शेवट पुस्तकात राहिला नाही. वरून मी हसायची. आतून वाटायचं, एकदा तरी माझा तर्क हिनं ठेवून घ्यावा.

सलमा मुजावर माझी विद्यार्थिनी. आता मोठी डॉक्टर झालीय, वाचा गेलेल्या माणसांवर संशोधन करते. मला अजून 'बाई'च म्हणते. ती घरी एक टोपी घेऊन आली. विणलेल्या कानटोपीसारखी मऊ, आतून चांदीच्या टिकल्या लावलेली.

"बाई, शब्द आत तयार होतात, बाहेरची वाट तेवढी खचलीय," ती म्हणाली. "ही टोपी मेंदूतल्या विजेच्या लहरी ऐकते. पण कवटीबाहेरून ऐकायचं म्हणजे भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकायचं. सूर कळतो, शब्द अर्धेमुर्धे. गाळलेल्या जागा यंत्र भरतं. चारूताईंची सगळी पुस्तकं त्याला वाचायला दिलीत. त्यांच्या कुठल्या शब्दामागून कुठला शब्द येतो, हे त्याला पाठ झालंय."

आवाजही वहिनीचाच बसवला होता, तिच्या जुन्या मुलाखतींवरून.

वहिनीच्या डोक्यावर टोपी चढली. यंत्र थोडं खरखरलं आणि मग स्वच्छ आवाज आला, "झिपरीनं कडीला हात घातला. लोखंड गार होतं, कुणीच न उपसलेल्या पाण्यासारखं."

मला रडू फुटलं. समोर प्रकाशक निनाद घारपुरे बसले होते, तेही डोळे पुसत होते. लहानपणी 'मिठाचा चंद्र' वाचताना त्यांनी खिडकीतून चंद्राला जीभ लावून बघितली होती म्हणे. असा माणूस.

बैठकीमागून बैठका झाल्या आणि प्रकरण पुरं झालं. सातवं दालन उघडतं. आत बियाणं असतं, जुन्या पृथ्वीवरच्या प्रत्येक गावचं, पुरचुंड्या बांधून ठेवलेलं. झिपरी मूठभर बी घेते आणि मातीशी बसते. वाचून अंगावर काटा यावा, असं ते लिहिलेलं होतं.

"दिवाळीला पुस्तक काढू," घारपुरे म्हणाले. "दसऱ्याच्या आत छापखान्यात द्यायला हवं. चारूताईंच्या वतीनं तुमचा होकार तेवढा हवा."

मी वहिनीकडं पाहिलं. तिनं टोपी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली, पाहुण्यांचं विसरलेलं काहीतरी परत करावं तशी. "बरं का," ती म्हणाली. टाळी नाही, तोरा नाही. चेहरा अगदी सपाट.

आणि माझ्या मनात काहीतरी खुटखुटलं. बियाणं? ते तर मीच ओळखलं होतं! आधीचं प्रकरण वाचतानाच मनात म्हटलं होतं, आत बी असणार. कुणीही म्हटलं असतं. मग हा वहिनीचा शेवट कसा?

"सलमा," मी म्हटलं, "ही टोपी जरा माझ्या डोक्यावर चढव."

"बाई, ती तुमच्या मेंदूशी जुळवलेली नाही."

"म्हणूनच."

मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात वांग्याची भाजी फोडणीला टाकली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, कढीपत्ता, चिरलेली वांगी. यंत्र खरखरलं. मग वहिनीचा तो गोड, जरासा घोगरा आवाज म्हणाला, "झिपरीनं मूठ उघडली. बी अजून झोपेतच होतं."

घारपुऱ्यांनी चष्मा उतरवला.

"घारपुरे," मी टोपी उतरवत म्हटलं, "माझ्या मनात वांगी होती. यात कुठं सापडतात का बघा."

वहिनी मात्र हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा, खांदे हलवून, पोटभर.

सलमाचा चेहरा पडला होता, पण तिनं सारवासारव केली नाही. यंत्राच्या पडद्यावर दोन पट्ट्या दाखवल्या. एक मेंदूकडून येणाऱ्या संकेताची, एक यंत्राच्या अंदाजाची. संकेत क्षीण झाला की अंदाजाचं पारडं जड होतं. वहिनीचा संकेत इतका क्षीण होता की यंत्र बोलत होतं ते जवळपास सगळं स्वतःचंच. तिनं अंदाजाची पट्टी शून्यावर आणून पुन्हा वहिनीला टोपी घातली. नुसतीच खरखर आली, पत्र्यावर वाळू सांडावी तशी.

"म्हणजे ते चारूताईंचं ऐकत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "त्यांनी आजवर जे लिहिलं, त्यावरून पुढचं ओळखत होतं."

"आणि वहिनी जन्मभर जे ओळखता येईल ते टाकून देत आली," मी म्हटलं.

घारपुऱ्यांनी चष्म्याची काच पुसली. मग म्हणाले, "ताई, रागावू नका. वाक्यं त्यांच्याच वळणाची आहेत. शेवट सुंदर आहे. लोक वर्षानुवर्षं झिपरीला त्या दाराशी उभी ठेवून बसलेत. तिला कायमचं तसंच उभं ठेवायचं का?"

नाही म्हटलं तर कदाचित पुस्तक कधीच पुरं होणार नव्हतं. हो म्हटलं, तर वहिनी जिवंत असताना, सगळं समजत असताना, तिच्या तोंडी दुसऱ्याचा शेवट घातला जाणार होता आणि तिला नाही म्हणायलाही शब्द नव्हता.

"दसऱ्यापर्यंत थांबा," मी म्हटलं.

हस्त लागला. कुणाला उत्साह नव्हता, पण हात सवयीचे. मी पाटावर तांदळाचा हत्ती काढला. काढता काढता गुणगुणत होते, तोंडाला येईल ते.

*पाटावर हत्ती बाई, हत्तीला सोंड,*
*सोंडेनं पुसतो आभाळाचं…*

"तोंड," मागून आवाज आला.

मी वळले. वहिनी दारात उभी होती. मी ओळ पुन्हा म्हटली, तिनं पुन्हा यमक जुळवलं, सुरात, ठसठशीत.

सलमाला फोन केला तर ती म्हणाली, "होतं असं. गाणं मेंदूच्या उजव्या अंगानंही वाट काढतं. बोलता न येणारी माणसं आरत्या म्हणतात, अंगाई म्हणतात. पण ते बहुतेक पाठ असलेलं येतं, बाई. फार तर एखादं यमक. मनातलं नवं काही सांगायचं तर…" ती अडली. "ते कसं म्हणालात? पुन्हा म्हणा. सबंध गाणं म्हणा."

मी म्हटलं. हादग्याच्या गाण्यांची रीत असते: ओळ तीच, ठेका तोच, फिरून फिरून पुन्हा तेच, बदलतो तो एखादाच शब्द. सासूच्या जागी नणंद येते, नणंदेच्या जागी जाऊ.

संध्याकाळी सलमा टोपी घेऊन हजर झाली. डोळे लुकलुकत होते तिचे, शाळेत प्रयोग जमला की लुकलुकायचे तसे.

"बाई, धुक्यात एका झाडाचा फोटो काढला तर झाड दिसत नाही. पण त्याच जागेवरून पुष्कळ फोटो काढून एकमेकांवर ठेवले, तर? धुकं दर वेळी वेगळं, झाड तेच. धुकं विरतं, झाड उरतं. आम्हाला अडचण ही की माणूस तेच वाक्य त्याच वेगानं पुन्हा पुन्हा बोलत नाही. हादगा बोलतो! कुठल्या ठोक्यावर कुठला शब्द, सगळं बांधलेलं. गाळलेली जागा आली की तेवढ्या ठोक्यावर ऐकायचं. फेऱ्यावर फेरे ठेवत जायचं. पुस्तकांचा अंदाज नकोच."

"पण फेर धरायला बायका नकोत का?"

"मी आहे की. आमच्या गल्लीत मीही खेळायचे. अम्मीची खिरापत कुणाच्या बापाला ओळखता आली नाही." आणि तिनं ओढणी खोचली.

मी गाणं बांधलं. तीन बायका, एक टोपी, पाटावरचा हत्ती.

*दुरडीच्या दारी बाई फेर धरिले,*
*झिपरीनं दारी काय काय केले?*
*झिपरीनं दारी लाविला…*

इथं आम्ही थांबायचो. वहिनी डोळे मिटून त्या जागेतून सुरानं जायची, शब्दावाचून. पुन्हा फेर. पुन्हा ती जागा. रोज दिवे लागायच्या वेळेला, पाय दुखेपर्यंत. पडद्यावर नुसती जाळी थरथरायची. मग एका संध्याकाळी त्या जाळीतून, धुक्यातून झाड यावं तसा, एक शब्द वर आला.

*कान.*

"हात नाही, कान?" सलमा पुटपुटली. "दार उघडत नाही ती?"

पुढची ओळ बांधली, पुढची जागा सोडली. आणखी एक शब्द. *पोरी.* मग आणखी एक. *पल्याड.*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घारपुरे आले, माझा होकार न्यायला. त्यांना ओसरीवरच्या खुर्चीत बसवून आम्ही फेर धरला. उन्हं उतरली होती. त्या दिवशीच्या गाळलेल्या जागेवर पडद्यात शब्द उमटला, *डबा.*

आणि मला कळलं.

असं लख्खकन कळलं की पावलाचा ठेका चुकला. कान, पोरी, पल्याड, डबा. अगं बाई! मी तोंड उघडलं. ज्या बरोबर उत्तराला वहिनीनं कधी पुस्तकात राहू दिलं नव्हतं, ते माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं.

वहिनी माझ्याकडंच बघत होती. भुवई वर. डाव्या हातात रिकामा डबा. तो तिनं कधी आणला कुणास ठाऊक. तिनं तो माझ्या कानाशी आणला आणि हलवला.

मी बोलले असते, तर तिनं तो शेवट मोडला असता. तिचा धर्मच तो. आणि मोडल्यावर नवा बांधायला तिच्यापाशी आता काय होतं? फेऱ्यांमागून फेरे, धुक्यातून एकेक शब्द.

"गोड की तिखट?" मी विचारलं.

"बरं का," वहिनी म्हणाली.

"ओलं की कोरडं?"

"बरं का!"

"मग बियाणं," मी म्हटलं. "सातव्या दालनात बियाणंच असणार. दुसरं काय असतंय?"

वहिनीनं डबा काखेत मारला आणि टाळ्या पिटल्या. काय तो तोरा! मान उडवून तिनं सलमाचा हात धरला, माझा धरला आणि स्वतःच फेर सुरू केला. चार फेरे, आठ फेरे, मोजणार कोण. काही शब्द पडद्यावर येत होते, काही थेट तिच्या ओठांवर, सुरावर बसून, ओढ्यातून पोरी पलीकडं उतराव्यात तसे.

*झिपरीनं दारी लाविला कान,*
*पल्याड पोरींचं चाललं गान.*
*कोण गं हलवी दुरडीचा डबा?*
*कोण गं दारी राहिला उभा?*
*पल्याडून पुसे पोरींचा मेळा,*
*गोड की तिखट, सांग गं बाळा!*

घारपुरे खुर्चीतून उठले होते. "म्हणजे," ते चाचरत म्हणाले, "बंद दालन ते नाहीच. बंद आहेत ते ही सहा दालनं. ही सगळी दुरडीच कुणाच्या तरी डब्यात… त्या तिकडच्या पोरी ओळखताहेत, ते आपल्याला? आपणच खिरापत?"

"घारपुरे, बसा," मी म्हटलं. "पाणी घ्या."

सलमा पडद्यासमोर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. यंत्राला सबंध गाणं दाखवून तिनं विचारलं होतं, हा शेवट निघण्याचा तुझा अंदाज किती होता? त्यानं इतका लहान आकडा दिला की वाचायचा कंटाळा यावा.

सकाळी घारपुरे निघाले. शेवटचं प्रकरण एका पानाचं होतं, मी सुवाच्य अक्षरात उतरवलेलं, टेबलावर ठेवलेलं. मी चहा गाळत होते. वहिनी स्वयंपाकघरात आली. टोपी नव्हती, सूर नव्हता. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तशी म्हणाली,

"वन्सं… लबाड."

गाळणं माझ्या हातात तसंच राहिलं. ठेका चुकला होता माझा. चाळिशी लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही तिला, पण माझं पाऊल अडखळलेलं तेवढं बरोबर दिसलं असणार.

ती वळली आणि टेबलाकडं गेली. पान उचललं. मी जागची हलले नाही. आता फाडणार, मी मनात म्हटलं. हिला मी आजची ओळखत नाही.

वहिनीनं पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. मग नीट घडी केली, घारपुऱ्यांच्या हातात दिली आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. मांडणीवरचा डबा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या कानाशी आणून हलवला. आजवर तो रिकामाच वाजायचा. मला वाटलं, आत काहीतरी आहे. अगदी लहानसं, हलकं.

"गोड की तिखट?" मी विचारलं.

"बरं का…" वहिनी म्हणाली आणि मान वळवून, पुढच्या शब्दाला वाट देत, थांबली.